पुलेशु, ताई

कवितांच्या ग्रुपवर आजोबा नवख्यांना आवर्जून "पुलेशु" लिहीत, म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. "वाचता तरी, की नुसते शिक्के मारता?" आजी चिडवायची. एका कवयित्रीचं मात्र दरवेळी उत्तर यायचं, "आभारी आहे, दादा." एके दिवशी तिच्या कवितेवर लिहिलं होतं, "शेवटची कविता". आजोबांनी धीर करून सुचवलं, "शीर्षक जरा नाटकी वाटतं. पुलेशु, ताई." उत्तर आलं, "काका, ते शीर्षक नव्हतं. आई परवा गेली. मी मुलगी, तिच्याच फोनवरून लिहितेय." आजोबांनी जीभ चावली. महिनाभर कुणालाच अक्षरही लिहिलं नाही. मग आईच्याच फोनवरून मुलीची पहिलीवहिली कविता आली. "कुणी शब्दानं विचारलं नाही पोरीला. लिहा की!" आजी म्हणाली. आजोबांनी भीतभीत "पु" लिहिलं. पुढचं सवयीनं फोननंच भरलं, "पुलेशु, ताई." त्यांनी तसंच पाठवलं. उत्तर आलं, "आभारी आहे, दादा."