सुस्थितीतलं भांडण

तिसगावच्या बँडमधलं अकरा वर्षांचं भांडण एकाहत्तर सालच्या वैशाखात, भर दुपारी, शाळेच्या दुसरीच्या वर्गात मिटलं.

असं काही झालं नाही. गावात कुणालाही विचारा. भांडण होतं तिथंच आहे.

झालं ते इतकंच. सरपंच भाऊसाहेबांच्या विमलचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि त्यांनी पत्रिकेत 'जुना बँड, जुनी जोडी' असं छापून टाकलं होतं. छापण्याआधी जोडीला विचारायचं राहून गेलं. जोडीतला जालिंदर क्लॅरिनेट वाजवायचा आणि छगन मोठा ढोल. जालिंदरचं क्लॅरिनेट ऐकून नवरीच काय, नवरदेवाचा घोडासुद्धा रडायचा, असं अजून चार गावांत बोललं जाई.

बँड मोडला तो राहात्याच्या एका लग्नात. सहावं मंगलाष्टक चालू असताना जालिंदरच्या नाकावर माशी बसली. त्यानं मान झटकली. बँडच्या रिवाजात जालिंदरनं मान झटकली म्हणजे शेवटचं 'सावधान' झालं, वाजवा. छगननं ढोल हाणला. लोकांनी हातात होत्या नव्हत्या त्या अक्षता टाकल्या आणि पंगत धरायला पळाले. भटजी दोन अष्टकं शिल्लक घेऊन उभे राहिले. त्या जोडप्याला आता पाच लेकरं आहेत, पण लग्न पूर्ण धरायचं की पाऊण, ते ठरलेलं नाही. चूक मानेची की ढोलाची, तेही नाही.

तर भाऊसाहेबांनी दोघांना वाद्यांसकट वर्गात घातलं आणि बाहेरून कडी लावली. मिटवा, एक चाल वाजवून दाखवा, मग कडी काढतो, असं सांगून ते व्हरांड्यात बाज टाकून पडले.

आत दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. जालिंदरला घाम फुटला होता आणि तो उन्हाचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याचे वरचे दात गेले होते. नगरहून कवळी आणली होती, पण ती भाकरीपुरती. क्लॅरिनेट वरच्या दातांखाली घट्ट धरावं लागतं. भरल्या मांडवात हे उघडं पडलं असतं, तर चार गावांत उरलेलं नाव त्याच दिवशी संपलं असतं. आजवर भांडणानं वाचवलं होतं. कुणी वाजव म्हटलं की तो सांगायचा, छगनच्या ढोलाशिवाय मी वाजवत नाही, आणि छगनबरोबर तर नाहीच नाही.

शेवटी त्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं, डोळे मिटले आणि फुंकलं. सूर निघाला नाही. कवळी निघाली. ती आडव्या ठेवलेल्या ढोलावर पडली, धप्प वाजली आणि तिथंच राहिली.

"हां," बाहेरून भाऊसाहेब म्हणाले, "धरला बगा ठेका."

छगननं वळून कवळीकडे पाहिलं, मग जालिंदरकडे. कवळी उचलायला त्यानं उजवा हात पुढे केला. हात ढोलाच्या कडेपर्यंत आला आणि अडला. मग त्यानं डाव्या हातानं ती उचलली, धोतराला पुसली आणि दिली.

"हाताला काय झालं रं?" जालिंदर म्हणाला.

"खांदा धरलाय. काठी उचलत न्हाई. चार वर्सं झाली. आन तुजं हे?"

"दोन."

"मंग सांगायचं न्हाई व्हय?"

"कसं सांगनार? आपलं भांडान हाय ना."

छगनला हे पटलं. त्यानं चंची काढली. पान लावता लावता अकरा वर्षांचं बोलणं झालं. कुणाची सून नांदत नव्हती, कुणाची म्हैस आटली होती. मध्येच जालिंदर थांबला आणि म्हणाला, लोकांना वाटतं आपण अजून तसंच वाजवू.

"वाटू दे की," छगन म्हणाला. "येक झालो की संपलं ते."

जालिंदरनं अकरा वर्षांत सोडला नव्हता असा श्वास सोडला. मग दोघं उठले आणि एकमेकांच्या आजोबांपासून सुरुवात केली. जालिंदरनं आधी कवळी बसवून घेतली, कारण शिव्या स्पष्ट ऐकू जायला हव्या होत्या. त्या तशा गेल्या. भाऊसाहेबांनी कडी काढली तेव्हा दोघं पाठीला पाठ लावून बसले होते आणि दोघांच्याही ओठांवर एकाच पानाचा रंग होता. भाऊसाहेबांनी तोंडाला नाही, पाठीला महत्त्व दिलं.

लग्नात लाऊडस्पीकर लावला. त्याच्या खरखरीत मांडव हळहळला, की जुनी जोडी असती तर काय बहार आली असती. जोडी मांडवाच्या दोन टोकांना बसून हे ऐकत होती. दोघांनीही त्या दिवशी दोन दोन ताटं जेवण केलं.

पण भाऊसाहेब हट्टाला पेटले. दिवाळीच्या आत मिटवतोच, असं त्यांनी चावडीवर जाहीर केलं. त्यानंतर आठच दिवसांत मामलेदार कचेरीत एक अर्ज दाखल झाला. अक्षर जालिंदरचं, अंगठा छगनचा, डावा.

"मेहेरबान मामलेदारसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार नंबर एक व दोन यांचे दरम्यानचे भांडण सन १९६० पासून विनाखंड चालू असून उभयतांस त्याची नितांत गरज आहे. तरी सदर भांडण अर्जदारांच्या हयातीत सरपंच अथवा अन्य कोणीही मिटवू नये असा कायमचा मनाईहुकूम व्हावा, आणि दर बाजारच्या दिवशी एक कप चहा सोबत पिण्यापुरती त्यातून सवलत मिळावी, ही नम्र विनंती."