न लागलेला सिनेमा

"करा सुरुवात," लॅपटॉपच्या पडद्यावरून कंपनीच्या सविता मॅडम म्हणाल्या.

अमोलचा हात माउसवर होता. बोट हलत नव्हतं. मुंबईतल्या प्रती कालच पुसल्या गेल्या होत्या. आता गंगापूर रोडवरच्या त्याच्या खोलीतली ही एकच हार्ड डिस्क उरली होती. अमोलने ती पुसायची, सविता मॅडमनी व्हिडिओ कॉलवरून बघायचं आणि तशी सही करायची, असा कंपनीचा आदेश होता.

दोन मोठे स्टुडिओ एक झाले होते. नव्या मालकांनी जे सिनेमे नकोत ते तोटा दाखवून कर वाचवायला बुडीत खात्यात टाकले; त्यांची एकही प्रत उरता कामा नये, अशी अट होती. अमोलने दिग्दर्शित केलेला पहिलाच सिनेमा त्यात गेला. तयार होता, पण कधीच लागणार नव्हता. पूर्वी एकाने नाकारलं की माणूस दुसऱ्याकडे जायचा. आता दोन्हीकडे एकच मालक. प्रत लपवली असती, तर त्याला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

त्याच्या मागे नवसाबाई बसल्या होत्या. त्याच्या निरोपावरून सिन्नरहून एसटीने आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याने, भिमाजींनी, सिनेमात नायिकेच्या बापाचं काम केलं होतं. शूटिंग संपलं आणि थोड्याच दिवसांत ते गेले.

"मॅडम, यांना एकदा बघू द्या."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "लवकर आटपा."

अमोलने एक प्रसंग लावला. झेंडूच्या शेतातून भिमाजी लेकीला हाका मारत होते. दमदार, जरासा घोगरा आवाज खोलीभर झाला. नवसाबाईंनी तोंडाला पदर लावला. प्रसंग संपला.

"घरी फोटो लय हायेत," त्या म्हणाल्या. "आवाज नव्हता कुठं."

मग त्या उठल्या. अमोलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पुसा आता, दादा. आमच्यापायी तुमचं काम नका घालवू."

अमोलने डोळे पुसले. फाइल निवडली. 'कायमचं पुसायचं का?' असा प्रश्न पडद्यावर आला. 'हो' दाबायला त्याने बोट उचललं.

"थांबा," सविता मॅडम म्हणाल्या.

लॅपटॉपवरचा त्यांचा चेहरा नाहीसा झाला. त्यांनी कॅमेरा बंद केला होता. आवाज मात्र स्वच्छ येत होता.

"माझं नेट गेलंय. मला काही दिसत नाही. पुसून झालं, असं लिहून मी सही करते."