तीन दिवस चूल नाही

"पेटव गं चूल. अल्ला काय तुझा वैरी आहे? घेईल समजून."

शेजारची म्हातारी होजर सकाळपासून चौथ्यांदा म्हणाली आणि जुल्हुमोरनं चौथ्यांदा मान हलवली. नाही म्हणजे नाही. मयताच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारी शिजवून आणतात, अख्ख्या ओश शहरात हीच रीत, उझबेकांची हीच आणि किर्गिझांचीही हीच. पण या जूनमध्ये किर्गिझांचा जमाव या उझबेकांच्या गल्लीवर चालून आला, आणि झालं काय, की गल्लीत अकरा दारं आणि त्यातल्या दहा दारांआड मयत. कोण कुणासाठी शिजवणार?

जुल्हुमोरच्या मुलाला, हिकमतला, काल पुरलं होतं. अर्धं घर जळून गेलेलं. उरलेल्या खोलीत त्याची बायको मावजुदा दीड महिन्याचं पोर छातीशी धरून बसलेली, आणि तिचं दूध आटलेलं. पोर ओढायचं, काही येईना की किंचाळायचं, परत ओढायचं. दोन दिवस नुसत्या पाण्यावर काढलेल्या बाईला दूध येणार कुठनं?

"सुनेकडं तरी बघ," होजर म्हणाली.

"बघतेय. चूल पेटवली की झालं, दुःख संपलं, लागा कामाला! तेच हवंय त्या जाळणाऱ्यांना. मी नाही पेटवणार."

आणि तेवढ्यात फाटकात बुरुल उभी.

बुरुल म्हणजे कोपऱ्यावरची. अकरावं दार, गल्लीतलं एकुलतं एक किर्गिझ घर. फाटकावर खडूनं हातभर अक्षरांत 'किर्गिझ' लिहिलेलं, म्हणून जमाव आला तेव्हा त्या घराची साधी काचही तडकली नाही. आता तिनं दोन्ही हातांनी भलंमोठं पातेलं धरलं होतं. फडकं सरकलं होतं, बोटं भाजत होती, तरी खाली ठेवत नव्हती. सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत ती ते घेऊन चालत आली होती.

"रस्सा आणलाय, आपा. घरचा मेंढा कापला."

"विष किती घातलंस?" होजरनं विचारलं.

बुरुलनं पातेलं उंबऱ्यावर टेकवलं, झाकण काढलं, आतला डाव भरला आणि फुंकर न घालता तसाच प्यायली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. भाजल्याचं असेल.

जुल्हुमोर उठून तिच्यासमोर गेली.

"फाटकावर कुणी लिहिलं?"

"पोरानं."

"सांगितलं कुणी?"

"मी."

"आणि खडू काय तेवढ्यातच संपला? दहा दारं होती फक्त. दहा वेळा एक शब्द! आम्ही काय पुसत बसलो असतो?"

बुरुल झाकण परत बसवू लागली.

"जमाव आला तेव्हा नातवाला घेऊन तुझं फाटक ठोकत होते मी. घरात होतीस?"

"होते."

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"माझा आवाज ओळखलास?"

"ओळखला, आपा."

"अगं, खोटं तरी बोल!" जुल्हुमोर अशी ओरडली की आतलं पोरही क्षणभर थांबलं. "तळघरात होते म्हण! कानावर उशी होती म्हण!"

"भीती वाटली."

"मलाही वाटत होती. तरी मी तुझंच फाटक ठोकलं. आता कशाला आलीस?"

"कुणीतरी आणायला पाहिजे ना," बुरुल पातेल्याकडं बघत म्हणाली. "दुसरं घरच उरलं नाही."

आत पोर पुन्हा किंचाळायला लागलं.

जुल्हुमोरनं पातेलं उचललं. हात पोळले तरी तशीच आत गेली, वाडगा भरला आणि सुनेपुढं आदळला.

"खा."

मावजुदानं तोंड फिरवलं. "तिच्या हातचं? त्यांनी माझ्या माणसाला..."

"राग मी करते, दोघींच्या वाटणीचा. तुला दूध यायला पाहिजे. खा!"

मावजुदानं एक घोट घेतला. मग दुसरा. मग वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि रडत रडत पीत राहिली.

बाहेर बुरुल हळूच वळली होती.

"थांब! भांडं कोण नेणार?"

"राहू दे, आपा. नंतर..."

"रिकामं भांडं परत द्यायचं नाही, माहितेय ना तुला? मी कधी दिलंय?"

कधीच दिलं नव्हतं. जर्दाळू, मनुका, काही नाही तर मूठभर साखर तरी. जुल्हुमोरनं उरलेला रस्सा आपल्या भांड्यात ओतून घेतला, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि पातेलं घेऊन घराच्या जळक्या अर्ध्यात शिरली. हिकमतची खोली होती ती. छप्पर सगळं खाली आलेलं. तिनं एक फावडं राख पातेल्यात टाकली. मग दुसरं. काचा, खिळे, कोळसा झालेलं लाकूड, जे येईल ते.

"अगं बाई, काय करतेस हे?" होजरनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर घेतलं.

"रीत पाळतेय."

काठोकाठ भरलेलं पातेलं तिनं बुरुलच्या हातात दिलं.

"घरी ने. तुझ्या अंगणात ओत. उद्या रस्सा घेऊन ये, मी परत भरून देईन. परवाही."

"तीन दिवस," बुरुल पुटपुटली.

"तीन दिवस मयताचे. पुढचे तुझे. ही खोली रिकामी होईपर्यंत."

बुरुलनं पातेलं पोटाशी धरलं आणि निघाली. तिच्या झग्यावर काजळी उतरत होती.

पुढच्याच दारातली बाई तिला आडवी आली. तिनं वाकून पातेल्यात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आमच्याकडंही दोन दिवस कुणी जेवलेलं नाही," ती म्हणाली. "आणि येताना भांडं याच्याहून मोठं आण."