निकिताचा गृहपाठ

“ताई, ह्यो अर्ज तुमीच लिहून द्या. मी मागनं उतरवून घेते.” बारावीतल्या निकितानं कोरा कागद अश्विनीपुढं सरकवला.

अश्विनीला नवल वाटलं. एरवी ही पोरगी ‘हॅव’ आणि ‘हॅड’वरून अर्धा तास वाद घालायची, उतारा वाचताना शब्दाशब्दाला अडून बसायची. आयतं कधी मागत नसे.

“प्रश्न काय आहे?”

निकितानं चिठ्ठी काढली. राहुरीच्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा आहे, त्यासाठी अर्ज लिहा.

“आणि खाली नाव?”

“तुमचंच घाला. शिक्षण, पत्ता, समदं तुमचंच. मी उतरवताना बदलते की.”

अश्विनी लिहू लागली. एम. ए., बी. एड. लिहिताना एक अक्षर चुकलं, तिनं ते खोडलं. लग्न होऊन ती कोल्हारात आली, त्याच आठवड्यात सासूबाईंनी, लंकाबाईंनी, सांगून टाकलं होतं, “आमच्यात सुना नोकरीला जात न्हाईत.” त्याला सहा वर्षं झाली. रोज दोन तास ओट्यावर गावातल्या पोरींचे गृहपाठ घ्यायचे आणि दुधाची तहान ताकावर भागवायची. पण ते दोन तास तिचे होते.

आताशा त्यांवरही पहारा बसला होता. लंकाबाई मध्येच येऊन वह्या उलटायच्या. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण तोरा तपासनिसाचा. त्यातच गेल्या आठवड्यात कपाटातली प्रमाणपत्रांची फाईल दिसेनाशी झाली. विचारलं तर, “मी ठिवलीय. तुला कशाला लागतीय?” एवढंच. तेव्हापासून अश्विनीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. रोज सकाळी बंब पेटला की ती जळणात डोकावून यायची.

“काय खरडतीयस?” लंकाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या.

“निकिताचा गृहपाठ.”

त्यांनी कागद उचलला, लांब धरून पाहिला. “हितं खोडलंय. दुसरा घे. पोरीला नीट दिसाया नको?”

अश्विनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं मुकाट्यानं अर्ज पुन्हा लिहिला आणि रागाच्या भरात खाली सहीही ठोकली. निकितानं कागद घडी न घालता वहीत ठेवला, चपला अडकवल्या आणि पळाली.

दोन आठवडे गेले. उतरवलेला अर्ज निकितानं काही दाखवला नाही. विचारलं की म्हणायची, “मॅडमनी तपासलाच न्हाई अजून,” आणि नजर चुकवायची.

शुक्रवारी पोरी गेल्यावर लंकाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

“सोमवारपास्नं शिकवणी बंद. कुनी यायचं न्हाई. निकिताला सांगून ठिवलंय मी.”

अश्विनीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “आई, एवढंच तर होतं माझं! तेही खुपलं तुम्हाला?”

लंकाबाई वळल्या. आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. परत येऊन त्यांनी ती हरवलेली फाईल सुनेच्या मांडीवर ठेवली. फाईलवर एक फोडलेलं पाकीट होतं.

“वाच.”

अश्विनीनं आतला कागद उलगडला. राहुरीच्या शाळेनं कळवलं होतं: ‘आपला स्वहस्ताक्षरातील अर्ज मिळाला. सोमवारी सकाळी अकरा वाजता मूळ प्रमाणपत्रांसह मुलाखतीस हजर राहावे.’