पुढं न्या

अर्पूचे पप्पा गेल्यापासून गप्प पडलेल्या घरात परात फरशीवर खरखरली. परातीत बाहुली निजवलेली, तिच्या कपाळाला माझ्या ओढणीची चिंधी बांधलेली.

“काय खेळून राह्यली वं, अर्पू?”

“बाहुली मोटारसायकलवरून पडली. तिले दवाखान्यात नेऊन राह्यली.”

परात ओट्याशी थांबली. अर्पूने इवलासा आवाज जाड केला. “इथी डाक्टर नाही, तालुक्याले न्या.” मग कपाटाशी, “इथी मशीन नाही, अकोल्याले न्या.”

त्या दिवशी यांना नेताना ॲम्ब्युलन्समध्ये अर्पू माझ्या मांडीवर झोपली आहे, असंच मी समजत होते.

उंबऱ्यापाशी परात अडली. अर्पूने बाहुलीच्या तोंडाशी कान नेला.

“मम्मी, बाहुली इचारून राह्यली, अकोला अजून किती दूर हाये?”