शेवाळ अर्ध्यावर

"आई, आलं का शेवाळ अर्ध्यावर?" नागपूरहून मुलीने फोनवर विचारलं. तिला नववा लागला होता.

"वर गेलंय. आज तपासनीस येऊन गेला की उद्याच्या गाडीने निघते," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

समुद्रातली प्रवाळं मेल्यापासून उरलेले तुकडे घरोघरी टाक्यांत सांभाळायला दिले होते. वेंगुर्ल्यातला एक कुमुदिनीबाईंकडे होता, आणि सहा वर्षं त्यांना एका दिवसाच्या वर घर सोडता आलं नव्हतं. तुकडा निम्म्याहून जास्त शेवाळाखाली गेला, तरच सरकार तो परत नेई. म्हणून आठ दिवस त्या टाकीतल्या माशांना मुद्दाम दुप्पट खाणं घालत होत्या. उरलेलं कुजून शेवाळ माजलं होतं.

फोन ठेवून त्या टाकीपाशी गेल्या. हिरव्या झिपऱ्यांखाली प्रवाळाचं एक इवलं तोंड उघडमीट करत होतं. तेवढ्यापुरतंच साफ करावं म्हणून त्यांनी जुना टूथब्रश उचलला.

तपासनीस आला तेव्हा त्यांचा हात कोपरापर्यंत ओला होता आणि तुकडा लख्ख.

"काकू, तुमच्यासारखं कुणी सांभाळत नाही," तो सही करत म्हणाला. "आणखी पाच वर्षं तुमच्याकडेच."