तेवढीच आई

काकासाहेबांच्या साठीशांतीला अख्खं पिशोर गाव जमलं होतं. माईक हातात आल्यावर ते सद्गदित झाले. “मी तीन वर्षांचा होतो. हिरव्या लुगड्यातल्या आईनं मला कडेवर घेतलं, पाय अडकला, अन् दोघं शेंगांच्या ढिगात पडलो. आई हसत सुटली. तेवढीच आई आठवते मला. त्या हसण्यावर जन्म काढला.” बायकांनी डोळ्यांना पदर लावले. थोरल्या बहिणीनं, वच्छलाबाईंनी मात्र तोंडाला लावला, हसू आवरेना. “आरं, तू रांगत होतास तवाच आई गेली. पडले मी! नऊ वर्षांची होते. तू आईसाठी लई रडायचास, म्हून तिचं लुगडं गुंडाळलं होतं.” काकासाहेबांनी हळूच विचारलं, “मग आई कशी होती, अक्का?” माईक चालूच होता. वच्छलाबाई विचारात पडल्या. “लई मारकी होती बाबा. तुझीच बरी हाय, राहू दे.”